शाळेचा उपक्रम चालू आहे

गणपती बसून दोनच दिवस झाले होते. शाळेला आठवडाभराची सुट्टी. कालिंदा तांदळे कुलूप काढून वर्गात शिरल्या त्या फक्त गळक्या कौलांखाली बादली सरकवायला. बादली सरकवली, वळल्या आणि भिंतीवरच्या पडद्याकडे त्यांचं लक्ष गेलं.

हिरवा चौकोन. त्याखाली ठळक अक्षरं : ‘शाळेचा उपक्रम चालू आहे. विद्यार्थी मित्रांनो, छान!’

बाईंनी रिकाम्या वर्गावर नजर फिरवली. भिंतीला लावलेली बाकं. फळ्यावर कुणीतरी सुट्टीच्या आदल्या दिवशी काढलेला, सोंड चुकलेला गणपती. कोपऱ्यात एक गलेलठ्ठ बेडूक.

“कुणाचा रे उपक्रम?” त्यांनी बेडकाला विचारलं. “तुझा का?”

मग त्यांनी पडद्याचा आवाज वाढवला. आधी नुसती पावसाची खरखर आली. मग तिच्या खालून दुसरंच काहीतरी. कट्. थोडं थांबून कट्-कट्. ओल्या फरशीवरून भरलेला रांजण ओढावा तसं, अडकत, सुटत, पुन्हा अडकत.

हा आवाज बाईंना पाठ होता. गेल्या उन्हाळ्यात त्यांच्याच मुलांनी तो बनवला होता. पण मुलं आज पऱ्याच्या, त्या ओढ्याच्या, पलीकडे, वरच्या वाडीत, आपापल्या घरी झांजा बडवत होती. मग डोंगरात हा आवाज करत कोण होतं?

हा पडदा ‘भूकान’ या दरडीच्या इशारायंत्राचा. भूकान म्हणजे काय, ते सरकारी पत्रकात अशा भाषेत सांगितलंय की वाचून डोंगरालाही झोप यावी. खरं तर गोष्ट सोपी आहे. इंटरनेटची असते तसली काचेच्या धाग्याची तार उतारावर हातभर खोल पुरायची आणि एका टोकाने तिच्यात लेसरचा प्रकाश सोडत राहायचा. काच कितीही शुद्ध असली तरी तिच्यात बारीक बारीक दोष असतातच. प्रत्येक दोषावरून थोडासा प्रकाश माघारी येतो. जमीन थरथरली, तार केसाच्या हजाराव्या भागाएवढी जरी हलली, तरी माघारी येणारा प्रकाश बदलतो. म्हणजे एक तार पुरली की पावलापावलावर कान लागले. गाय चालली तरी कळतं. नारळ पडला तरी कळतं.

कळतं, म्हणजे नुसतं ऐकू येतं. कोणती गाय आणि कोणती दरड हे यंत्राला जन्मतः ठाऊक नसतं. ते शिकवावं लागतं : हजारो आवाज ऐकवायचे आणि प्रत्येकाला नाव द्यायचं. ही नावं देणार कोण? इथे सरकारला शाळा आठवली. उतारावरच्या प्रत्येक शाळेला एक पडदा आणि एक टॅब मिळाला. मुलांनी जमिनीवर उड्या माराव्यात, दगड लोटावेत, पडद्यावर त्याची लाट बघावी. मग टॅब विचारणार, ‘हा आवाज तुमचा?’ मुलांनी ‘हो’ किंवा ‘नाही’ दाबायचं. मुलं भूगोल शिकणार, यंत्र मुलांकडून शिकणार, आणि मंत्र्यांच्या भाषणाला एक वाक्य मिळणार.

काहीही म्हणा, कालिंदाबाईंना ते यंत्र आवडलं होतं. त्या बीडकडच्या. सपाट रानात वाढलेल्या. असा अंगावर आलेला डोंगर त्यांनी नोकरी लागून मोहाचा कोंड या गावी आल्यावरच पाहिला. त्याची भीती वाटली म्हणून त्या त्याला शिकायला लागल्या, आणि शिकता शिकता शिकवायला. नकाशात डोंगराला तपकिरी रंग द्या, असला भूगोल त्यांनी पहिल्याच वर्षी खिडकीतून बाहेर फेकला. त्यांच्या वर्गात एकच नियम होता. आधी प्रश्न विचारायचा, मग हात घालायचा आणि तोंड सगळ्यात शेवटी उघडायचं.

त्यांचा एक ट्रे होता, पत्र्याचा, तिरका ठेवलेला. तळाशी गणपतीच्या मूर्तींतून उरलेल्या शाडूचा थर. वर जांभ्या दगडाचे तुकडे, त्यावर माती, आणि मुलांनी खोचलेली काडेपेट्यांची घरं. झारीने पाणी घालायचं. पहिल्या झारीला काही होत नाही. दुसऱ्या झारीलाही नाही. मुलं जांभया द्यायला लागतात. आणि मग कधीतरी, कुणी बोटही न लावता, घरांसकट सगळं एकदम खाली येतं.

“का रे?” बाई विचारायच्या.

“जांभा पाणी पितो,” मुलं सांगायची. “खालची चिकण माती ते पुढं जाऊ देत नाय. पाणी मधे कोंडतं. वरच्याला उचलून धरतं. मग घसरतं.”

एकदा सातवीतली मयूरी भुवड म्हणाली, “पण बाई, पडायच्या आधी तो काय बोलतो?”

एवढा चांगला प्रश्न बाईंना सगळ्या नोकरीत कुणी विचारला नव्हता. त्याच प्रश्नाने पुढे एक माणूस मारलं.

कारण बाई म्हणाल्या, “चला, बोलून बघू.” मुलांनी तारेशेजारी चर खणला, तळाला पांढुरकी चिकण माती थापली, पाणी ओतलं आणि दोरीने जांभ्याचे चिरे त्यावरून ओढले. चिरा अडकायचा, ताण वाढायचा, सुटायचा : कट्. सगळा उन्हाळा हे चाललं. दरडसूचना केंद्राने नमुना म्हणून दिलेला खऱ्या दरडीचा आवाज आणि मुलांचा आवाज पडद्यावर शेजारी शेजारी ठेवायचे, वजन बदलायचं, पाणी बदलायचं, पुन्हा ओढायचं. शेवटी एक दिवस दोन्ही लाटा इतक्या जुळल्या की मुलांनी वर्ग डोक्यावर घेतला.

यंत्राने तर गावच डोक्यावर घेतलं; त्याला ती खरी दरड वाटली. वाडीतला इशाऱ्याचा फलक लाल झाला. गावचे पोलीस पाटील गंगाराम शिगवण यांनी भोंगा फिरवला. वरची वाडी जीव मुठीत धरून साकवावरून, पऱ्यावरच्या त्या अरुंद पुलावरून, अलीकडे पळाली, आणि त्या पळापळीत मयूरीची आजी आवडाबाई साकवावर पडली. मांडीचं हाड मोडलं. तालुक्याच्या दवाखान्यातून ती घरी आलीच नाही.

बाईंची चौकशी झाली. ती व्हायलाच हवी होती. आधी ‘आदर्श उपक्रम’ म्हणून ज्यांनी फोटो काढले होते, त्यांनीच नोटिसा काढल्या. शाळेच्या टॅबवरचं ‘नाही’ हे बटण बंद केलं. गुन्हेगाराने नाही म्हणायचं नसतं. केंद्रातल्या पराग नावाच्या इंजिनिअरने मात्र सौम्यपणे सांगितलं होतं, “काळजी करू नका बाई. पुन्हा असं होणार नाही. आम्ही यंत्राला समजावलंय.”

बाईंनी त्याचे आभार मानले होते.

काय समजावलंय, हे त्यांना आत्ता कळत होतं. बेडकाच्या साक्षीने.

त्यांनी पराग इंजिनिअरला फोन लावला.

“दरडसूचना केंद्र.”

“मी कालिंदा तांदळे. मोहाचा कोंड.”

“अरे बाई! तुम्ही तर आमच्याकडे फेमस.” तो हसला. “बोला.”

“आमच्या पडद्यावर शाळेचा उपक्रम चालू दाखवतंय.”

“हो, दिसतंय ना. कालपासून. सुट्टीतही कामाला लावलंय वाटतं पोरांना?”

“शाळेला सुट्टी आहे. शाळेत मी आणि एक बेडूक आहे.”

“मग वाडीतली पोरं खेळत असतील.”

“या पावसात? चिरे ओढत? कालपासून, रात्रभर?”

“बाई, यंत्राची खात्री अठ्ठ्याण्णव टक्के आहे की हा आवाज शाळेचाच. अहो, तुमच्या मुलांनी दिलेले नमुने इतके उत्तम होते, की जांभ्याच्या सगळ्या उतारांवर आम्ही तेच शिकवलंय. उगाच घाबरगुंडी नको म्हणून. मुलांचं काम वाया नाही गेलं.”

“पराग, मुलांनी दरडीची नक्कल केली होती. हुबेहूब. तुम्ही यंत्राला शिकवलंत की हा आवाज आला की शाळा समज. आता खरी दरड बोलली तर तिने वेगळ्या आवाजात बोलायचं का?”

“तसं नसतं. जमीन ताणली तर तारही ताणते, ते वेगळं कळतं.”

“आमच्याकडे ताण किती दाखवतंय?”

बराच वेळ नुसता कळफलक वाजला. “तुमच्या टप्प्यात... ठेकेदाराने तार प्लास्टिकच्या नळीत टाकलेली दिसतेय. नळीत ती सैल राहते. आवाज येतो, ताण नाही कळत.”

“माणूस पाठवा.”

“गणपती आहेत बाई. सगळे गावाला. आणि घाट बंद आहे.”

“मग तिथून लाल करा. हाताने.”

“वरच्या दोन साहेबांच्या सह्या लागतात.” त्याचा आवाज खाली आला. “आणि रागावू नका, पण तुमच्या नावावर सही करणार कोण?”

बाईंनी छत्री उचलली आणि साकवाकडे निघाल्या. छत्री नावाला. वारा ती केव्हाच उलटी करून बसला होता.

शिगवण पाटलाचं घर वरच्या वाडीच्या तोंडाशी. पडवीत फलक, फलकावर सौरपट्टी, शेजारी हाताने फिरवायचा भोंगा. पाटलांनी फलकालाही हार घातला होता. मुंबईहून आलेले दोन भाचे पडवीत पत्ते खेळत होते.

“या बाई,” पाटील म्हणाले. “मोदक खाताव?”

“पाटील, वाडी खाली करायला हवी. आज. आत्ता.”

भाच्यांनी पत्ते थांबवले. पाटलांनी शांतपणे फलकाकडे बोट केलं. “ह्यो काय रंग?”

“हिरवा आहे, पण तो चुकतोय. त्याला दरड ही शाळा वाटतेय.”

“शाळा वाटतेय!” एक भाचा फिसकन हसला. “मग मामा, दरड पडली की हजेरी घ्यायची.”

पाटील हसले नाहीत. “बाई, मागच्या खेपेला तो लाल होता. सगळ्यांच्या पुढं मी पळालो. ते खोटं निघालं. आजून बाजारात लोक मला ‘पाटील, पळा’ म्हनतात. आता हिरवा असताना पण पळू? लाल झाला तरी पळायचा, हिरवा असला तरी पळायचा, मंग हे यंत्र लावलंय कशाला? तुमचाच ऐकायचा, तर तुमालाच टांगतो हितं, हार घालून.”

प्रश्न रास्त होता. त्यांच्या वर्गात विचारला असता तर त्यांनी पाठ थोपटली असती.

“आनि देव बसलेत घराघरात,” पाटील म्हणाले. “गौर यायची हाय. बसलेला देव सोडून कोन जाईल? तुमच्या बीडात जातात का?”

वाडीत प्रत्येक दारातून आरतीची, तेलाची, भिजलेल्या कपड्यांची वाफ येत होती. वर्षभर रिकामी असणारी घरं चाकरमान्यांनी फुगलेली. एका खोलीत दहा-दहा माणसं. बाई कुणाला सांगणार? जिला सांगायचं तिचं घर सगळ्यात वर होतं, आणि ती गेल्या उन्हाळ्यापासून त्यांच्याशी बोलत नव्हती.

सुगंधा भुवड शाळेत खिचडी शिजवायची. मयूरीची आई. एके काळी दुपारी दोघी एकाच थाळीतून जेवायच्या. सासू गेल्यानंतर ती खिचडी शिजवायची, वाढायची, भांडी घासून जायची. बाईंच्या ताटात वाढायची ते तोंड फिरवून.

बाई पोचल्या तेव्हा तिच्या घराच्या मागे पाच-सहा बाया जमल्या होत्या. परसातल्या झऱ्याला दूध आलं होतं. खरोखर, पांढरं पाणी वाहत होतं. झऱ्यावर हळदकुंकू, जास्वंदी, एक नारळ.

“बाई, बघा!” एक म्हातारी म्हणाली. “गनपती पावला. दूध दिलान.”

बाईंनी त्यात हात घातला. बोटं चोळली. गुळगुळीत, साबणासारखी. ट्रेच्या खालच्या टोकाला, सगळं कोसळायच्या आधी, असंच पांढरं पाणी यायचं. मुलं त्याला ‘शेवटची झारी’ म्हणायची.

मयूरी दारात उभी होती. तिनेही तो हात बघितला. पोरीचा चेहरा पडला. तिला सांगायची गरज नव्हती.

“बाई,” ती हळूच म्हणाली, “हा तो आहे का? बोलतोय?”

“कोन बोलतोय?” आतून सुगंधा आली. बाईंना बघून थबकली. “तुमी कशाला आलाव?”

“सुगंधाताई, तुमच्या घरात कुठे भेग पडलीय?”

“तुमाला काय करायचाय? माझी सासू खाल्लीत तुमच्या प्रयोगानं. आता कोन हवाय?”

“हो,” बाई म्हणाल्या. “खाल्ली.”

सुगंधाला भांडण हवं होतं. ते न मिळाल्याने ती क्षणभर घुटमळली. तेवढ्यात मयूरी म्हणाली, “आये, गनपतीच्या खोलीत भेग हाय की. तू रोज सारवतेस ती.”

“ती पावसाची हाय.”

सगळ्या घराला लाद्या होत्या, पण गणपतीची खोली शेणाने सारवलेली. सासूचा हट्ट होता तो. ती गेल्यावर सुगंधाने तो जास्तच पाळला. पाटाच्या पुढ्यातून एक रेघ भिंतीकडे गेली होती, फूटपट्टीने आखावी तशी.

बाईंना ओरडावंसं वाटलं. पोरांना उचला, निघा, मरताय! पण एकदा ओरडून झालं होतं, भोंग्याने, लाल दिव्याने, आणि त्यातून आवडाबाई गेली होती. या वाडीत त्यांच्या शब्दाला आता शेणाएवढीही किंमत नव्हती.

मग शेणच बोलू दे.

“मी निघा म्हणत नाही,” त्या म्हणाल्या. “एकच करा. या भेगेवर सारवा. आणि तिकडे, दाराजवळ, भेग नाही तिथेही सारवा. तेच शेण, तोच हात, तेवढाच थर. आरतीला बघा. दोन्ही सारखंच फाटलं तर मला साकवावरून ढकलून द्या.”

“दोन ठिकानी कशाला?”

“एकच सारवलं तर शेनाचा दोष का भुईचा, ते कळत नाय,” मयूरी म्हणाली.

“तू गप ग. शाळेला सुट्टी हाय ना तुझ्या?”

पण सुगंधाने सारवलं. बाईंना खोटं पाडायचं म्हणून असेल, किंवा हात शिवशिवले म्हणून. गुडघ्यांवर बसून तिने दोन्हीकडे हात फिरवला, अर्धगोल, अर्धगोल, सासूने शिकवला तसा. नवरा दशरथ मुंबईच्या पाहुण्यांना हसून सांगत होता, “परीक्षा चाललीय. घरात पन.”

बाई पडवीत उभ्या राहिल्या. त्यांना कुणी बस म्हटलं नाही. पाऊस धरून होता. आपण हे काय करतोय, हा विचार त्यांना कुरतडत होता. डोंगर सरकतोय आणि आपण शेण वाळायची वाट बघतोय! आरतीच्या आधीच तो आला तर? एका पद्धतीपायी, ‘आधी हात घालायचा’ या हट्टापायी, ही सगळी माणसं गाडली जाणार? दोनदा त्या आत जायला निघाल्या आणि दोनदा परतल्या. ओरडून ही बाई हलणार नव्हती. हलली तर स्वतःच्या हाताने केलेल्या गोष्टीनेच हलणार होती. आणि तिला वेळ लागत होता, आणि वेळ नव्हता. मागे, कुठेतरी खोल, अडसर ओढल्यासारखं काहीतरी वाजलं. आता ऐकायला पडदाही लागत नव्हता.

दिवेलागणीला झांजा सुरू झाल्या. सुगंधा निरांजन घेऊन पाटासमोर उभी राहिली. दोन ओळी झाल्या असतील. ती थांबली. बाकीचे म्हणत राहिले, मग एकेक करून थांबले.

समईतलं तेल एका बाजूने सांडत होतं. समई तिरकी होती. पाट तिरका होता. पाटावरचा गणपती जरासा वाकून दाराकडे बघत होता.

सुगंधाने निरांजन दशरथच्या हातात दिलं. दाराजवळचं सारवण हाताने चाचपलं. ओलसर, अखंड. मग पाटासमोरचं. ते उभं चिरलं होतं, आणि भेगेची एक कड दुसरीपेक्षा खाली गेली होती. तिने बोट घातलं. बोट दुसऱ्या पेरापर्यंत आत गेलं.

ती बाईंकडे वळली. तिच्या डोळ्यांत माफी नव्हती, नवल नव्हतं. गार पडलेली शहाणीव होती.

“तुमी उगाच बोलत बसलाव,” ती म्हणाली. “आधीच सारवायला सांगायचा ना.”

आणि तिने पदर खोचून गणपती उचलला.

बसवलेली मूर्ती, गौर यायच्या आधी, आणि तीही बाईने! दशरथ पुढे धावला. “डोकं फिरलं का तुझं? गौर यायच्या आधी देव घालवतेस?”

“घालवत नाय. शाळेत बसवतंय. गौर तिकडं येल, तिला शाळा ठावूक हाय. सर बाजूला.”

“अगं पण फलक हिरवा...”

“फलकानं सारवलान का भुई? मी सारवलाय.”

ती भर पावसात बाहेर पडली. मयूरी मागे, डोक्यावर पाट, खांद्याला दप्तर. सुगंधा ओरडली नाही, रडली नाही. दारादारातून लोक विचारत होते, “काय झाला गे?” आणि ती एवढंच म्हणत होती, “तुझी भुई बघ.”

लोकांनी भुई बघितली. आणि मग भराभर निघायला लागलं जे ज्याने त्याने दोन दिवस झाकून ठेवलं होतं. कुणाचं दार लागत नव्हतं, त्याने ते रंधून घेतलं होतं. कुणाच्या लाद्या पोकळ वाजत होत्या, त्यांनी वर सतरंजी टाकली होती. कुणाचा हंडा गडगडत होता, त्याने खाली दगडाची चिपरी लावली होती. सगळ्यांना थोडं थोडं ठाऊक होतं. गणपतीच्या दिवसांत अभद्र कोण बोलणार? आता देवच रस्त्यावर आलेला बघून घराघरातून देव निघाले. पाटांसकट, मखरांसकट, म्हाताऱ्या पाठुंगळीला. साकवावर बाई उभ्या होत्या आणि प्रत्येकाचा हात धरून अलीकडे घेत होत्या. एकही माणूस पडू द्यायचं नाही, एवढंच त्यांच्या डोक्यात होतं. एकही नाही.

पाटलाची बायको देव घेऊन आली. भाचे आले, पत्ते तिथेच टाकून. पाटील आले नाहीत.

बाई परत धावल्या. पाटील पडवीत, फलकाखाली, भोंग्याच्या दांड्यावर हात ठेवून बसले होते.

“पाटील, चला!”

“आजून हिरवा हाय.”

“हिरवाच राहणार आहे तो! शेवटपर्यंत!”

“आनि झाला लाल, तर?” त्यांनी वर बघितलं. “पऱ्याच्या खालच्या आळीला कोन सांगेल? भोंगा कोन वाजवेल? मागच्या खेपेला मी पहिला पळालो बाई. ह्या खेपेला नाय.”

“मग आत्ताच वाजवा आणि या!”

“हिरव्यावर वाजवला तर नोकरी जाते,” पाटील म्हणाले. मग स्वतःशीच खिन्न हसले आणि दांडा फिरवायला लागले. भोंगा रेकत उठला. “जा तुमी. खालची आळी निघाली की येतो.”

बाईंनी त्यांचा दंड ओढला. पाटलांनी तो झटकला, दुसऱ्या हाताने फिरवतच राहिले. पायाखालची पडवी जराशी कलली. बाई पळाल्या. हे त्यांनी पुढे कधी स्वतःपासूनही लपवलं नाही : त्या पळाल्या.

शाळेत बाकांवर ओळीने गणपती बसले होते, कुणी ओले, कुणाचा रंग गळालेला. खालच्या आळीची माणसं भोंगा ऐकून धापा टाकत येत होती. आणि भोंगा थांबला.

आधी झाडं हलली, वारा नसताना, सगळी एकदम एका बाजूला. मग वरच्या वाडीतले दिवे रांगेने खाली सरकायला लागले. विझले नाहीत, सरकले, जत्रेतल्या पाळण्यासारखे संथ. मग विझले. आवाज नंतर आला आणि बराच वेळ येत राहिला. सगळ्यात शेवटपर्यंत चिखलात एक हिरवा ठिपका तरंगताना दिसत होता, सौरपट्टीवर चालणाऱ्या फलकाचा, फिरत फिरत खाली जाणारा. हिरवाच.

पाटलाची बायको दारात उभी राहून त्यांना नावाने हाक मारत होती. जन्मात पहिल्यांदा.

मयूरीच्या दप्तरात, सुट्टीत तिच्याकडे ठेवलेला शाळेचा टॅब वाजला. ‘हा आवाज तुमचा?’ तिने ‘नाही’वर बोट ठेवलं. ते बटण राखाडी होतं. तिने पुन्हा दाबलं. पुन्हा दाबलं. दाबत राहिली, दात ओठात रुतेपर्यंत.

बाईंचा फोन वाजला. पराग होता.

“बाई, फार मोठा सिग्नल येतोय तुमच्याकडून. हिरव्यातच आहे, पण यंत्रावर ताण येतो. मुलांना जरा थांबायला सांगता का?”

सुगंधाने बाईंच्या हातातून फोन घेतला. तिच्या बोटांना अजून शेण होतं.

“साहेब,” ती म्हणाली, “शाळेला सुट्टी हाय.”

“काय?”

“सुट्टी हाय. गनपतीची. सगळ्याच शाळांना.”

बाईंनी तो ओढून घेतला.

“पराग. तुझ्यासमोर सगळा पडदा आहे ना? बघ. आत्ता अजून किती गावांत शाळेचा उपक्रम चालू आहे?”

पलीकडे खुर्ची मागे सरकली. मग पराग मोठ्याने मोजायला लागला.